चहा न प्यालेली बाई

माईंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

पेडण्यात त्यांच्या घरी खोली बघायला मी बाबांबरोबर गेले होते. बाबा ओसरीवर अवघडून उभे राहून पाण्याची, जेवणाची सोय विचारत होते. माई त्यांचं ऐकत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "सलवार जरा वर कर गो." मी गोंधळून घोट्यापर्यंत वर केली. त्यांनी वाकून नीट बघितलं, एका टाचेला बोट लावून बघितलं आणि बाबांना म्हणाल्या, "पाय फुडे आसत, उलटे नाय. ऱ्हवांदे हिका."

परतताना बाबा बसस्टँडपर्यंत झपझप चालले. बस लागल्यावर म्हणाले, "बाई जरा तशीच आहे. पण घर चांगलं आहे."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा डिचोली बाजूला खाणीचा ट्रक चालवायचे. खाण बंद पडली तेव्हा मोपाच्या पठारावर विमानतळाचं काम निघालं होतं, तिथे त्यांना डंपरवर घेतलं. ते पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. आई आणि भाऊ डिचोलीलाच होते. बाबांना जवळ पडेल म्हणून मला पेडण्याच्या कॉलेजात घातलं होतं, आणि एक अट होती. चांगलं स्थळ आलं की शिक्षण थांबायचं. बाबांनी ही अट रागाने नाही, अगदी समजुतीने घातली होती, म्हणून तिच्याशी भांडताही येत नव्हतं. माईंच्या घरातला प्रत्येक दिवस मी त्या अटीखाली काढला.

माई कशा होत्या हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. त्या उंच होत्या, विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. हळू बोलायच्या. खोलीत यायच्या तेव्हा पावलं वाजायची नाहीत. मी वाचत बसलेली असायची आणि एकदम मागून आवाज यायचा, "जेवलंस?" सकाळी विचारायच्या, दुपारी विचारायच्या. मी जेवले म्हटलं तरी "काय जेवलंस?" म्हणून खात्री करून घ्यायच्या. सुरुवातीला मला ती माया वाटली. नंतर वाटू लागलं की त्या माझी कसलीतरी परीक्षा घेतायत.

घराला लागून त्यांचं जुनं दुकान होतं. कधीचंच बंद. रस्त्याकडच्या भिंतीवर चहाच्या एका कंपनीची जाहिरात रंगवलेली होती. पावसाने कंपनीचं नाव गेलं होतं, साडीचा रंग गेला होता, कपाची फक्त कड राहिली होती. राहिले होते ते दोन डोळे आणि पांढरे, एकसारखे दात. बाई कमरेपर्यंतच होती. खाली पिवळा पट्टा, आणि त्याखाली दुकानाचा कट्टा.

त्या कट्ट्यावर रोज दुपारी माई एक कप कोरा चहा नेऊन ठेवायच्या. बशीसकट. थोड्या वेळाने कप रिकामा असायचा.

"मांजर पीत असेल," मी एकदा म्हटलं.

"मांजर कोरी चाय पिता?" माईंनी विचारलं. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं.

एका दुपारी मी मुद्दाम जनेलात, म्हणजे खिडकीत, उभी राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कप भरलेला दिसत होता, वाफसुद्धा दिसत होती. तेवढ्यात आतून माईंनी हाक मारली, मी "आले" म्हणायला मान वळवली आणि परत बघितलं तर कप बशीत उपडा घातलेला. आमच्याकडे चहा पुरे झाला की घालतात तसा. पोदेराच्या सायकलचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. पाव विकत फिरताना त्यानेच प्यायला असेल. मी स्वतःला अजून हेच सांगते.

त्या बाईची गोष्ट माईंनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. भात निवडताना एक तुकडा, केस विंचरताना एक. दुकान चालू होतं तेव्हा म्हापशाकडून एक पेंटर आला होता, कंपनीने पाठवलेला. त्याच्याकडचं चित्र पावसात भिजून खराब झालं होतं. कुणीतरी कप घेऊन समोर उभी राहिली तर बरं, असं तो म्हणाला. सासऱ्यांनी माईंच्या धाकट्या जावेला उभं केलं. ती दुपारच्या दुपार उन्हात कप धरून उभी राहिली. कपात खरा चहा होता, वाफ दिसावी म्हणून पुन्हा पुन्हा गरम करून ओतत होते.

"आनी तिका पी म्हणून कोणी म्हणूक नाय," माई म्हणाल्या. "मीय नाय."

जाऊ त्याच वर्षी गणेश चवथीच्या आधी तापाने गेली. तिला पुढचा एक दात वाकडा होता, त्यामुळे ती तोंड मिटून हसायची. पेंटरने कंपनीला हवे तसे दात काढले. "हसणा तिचा नाय," माई म्हणायच्या. "डोळे तिचे. दुसऱ्याचा हसणा घालून उभी आसा ती थंय."

आमच्याकडे सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने म्हाळात, अविधवा नवमीला, एका सवाष्णीला बोलावून जेवू घालतात. माईंच्या घरी काही वर्षं तसं केलं. मग माईंनी ते बंद केलं आणि त्या दिवशी केळीचं पान भिंतीसमोर मांडायला लागल्या. वाड्यावरच्या बायका दुखावल्या. जेवणाचा मान गेला म्हणून नव्हे, तर हे उलटं काहीतरी आहे म्हणून. गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस जेवतं, हीच तर रीत. माईंचं म्हणणं एवढंच होतं, की ती गेलेली नाही, समोर उभी आहे, मग दुसरीला कशाला जेवू घालायचं?

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी प्रकल्प दिला. टीव्हीवरच्या जाहिराती आणि विनोदी चित्रपट बघा, त्यांत बाई काय करते ते लिहा. माझ्याकडे टीव्ही नव्हता, माईंकडे होता. म्हणून आम्ही दोघी दुपारी बघायला बसू लागलो. मी पाटावर आणि माई कदेलीवर, त्यांच्या त्या जुन्या लाकडी खुर्चीत.

तोवर मी जाहिराती बघितल्या होत्या, पण माईंबरोबर बघितल्या नव्हत्या.

मसाल्याची जाहिरात लागली. बाई वाढतेय, सासरा खातोय, नवरा खातोय, मुलं बोटं चाटतायत, बाई हसतेय. माई पुढे वाकल्या. "आता तिचो घास दाखवतले?" जाहिरात संपली. "नाय." मग मला, "हिचे पाय माका दाखव." मी म्हटलं, पाय कसे दिसणार, वरूनच घेतात चित्र. माई म्हणाल्या, "ताच म्हणतंय मी."

साबणाची लागली. बाई कपडे धुतेय आणि एका पुरुषाचा भारदस्त आवाज साबणाचे गुण सांगतोय. माईंनी खोलीभर नजर फिरवली. "धुता ही. बोलता कोण तो? दिसना तो." मला हसू आलं होतं, पण त्यांनी माझ्या मागच्या दाराकडेही बघितलं, तेव्हा हसू गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस टीव्हीवर तसा आवाज आला की माझी मान आपोआप मागे वळायची.

गोरेपणाच्या क्रीमची लागली. एक सावळी मुलगी उदास बसलेली. तिचा चेहरा सरकत सरकत गोऱ्या मुलीचा झाला, आणि ती गोरी नोकरी मिळवून हसायला लागली.

"पयला चेडू खय गेला?" माईंनी विचारलं.

"तीच ती, माई. क्रीम लावून गोरी झाली."

"नाय. तेचा नाक वेगळा होता. पयल्याचा काय केल्यानी?"

मी स्वतः सावळी आहे.

रविवारी दुपारी विनोदी चित्रपट लागायचा तेव्हा शेजारची चार माणसं यायची. बहुतेक चित्रपटांची घडण सारखीच असायची. मित्रांना खोली मिळत नाही, म्हणून एकजण साडी नेसून दुसऱ्याची बायको होतो. घरमालकीण फसते, तिचा भाऊ त्या साडीवाल्याच्या मागे लागतो. शेजारी माईंना चिडवायचे, "म्हणून माई भाडेकरणीचे पाय बघतत! साडयेत कोण भितूर इलो तर?" माई हसायच्या नाहीत, पण रागावायच्याही नाहीत. त्या चित्रपटातल्या घरमालकिणीला सांगायच्या, "बाय, तो दादलो गो. बघ तेका नीट." सगळे आणखी हसायचे.

मला त्या एकदा म्हणाल्या, "सगळे हसतत तेव्हा पडद्यार कोण हसना, ता बघ."

मी बघू लागले. आणि खरंच, दर वेळी कुणीतरी बाई न हसता उभी असायची. बेशुद्ध पडलेली, नाहीतर कपाटात कोंडलेली, नाहीतर ताटकळत दार उघडायची वाट बघणारी. एका चित्रपटात नवऱ्याने दुसरीला पटवण्यासाठी "माझी बायको वारली" असं सांगितलं आणि जिवंत बायकोच्या फोटोला हार घातला. बायको बाजारातून पिशवी घेऊन आली, स्वतःच्या फोटोसमोरची उदबत्ती बघत उभी राहिली. खोलीतली माणसं पोट धरून हसत होती. माई उठल्या. आत जाऊन चहा केला आणि कप घेऊन बाहेर भिंतीकडे गेल्या. ती त्यांची रोजची वेळ नव्हती.

मी मॅडमना हे सगळं भीत भीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भूत प्रकल्पात घालता येणार नाही गं. पण न हसणाऱ्या बायकांचं लिही." मी लिहिलं. मला बरे गुण मिळाले. पण वर्गात वाचून दाखवताना माझ्या पाठीवर काटा येत होता, तो मला कागदावर आणता आला नाही.

मग स्थळ आलं.

मुलगा हरमलचा. समुद्राजवळ घर, वर पर्यटकांना द्यायच्या खोल्या. हरमलहून डिचोली लांब पडतं म्हणून बघण्याचा कार्यक्रम माईंच्या घरीच ठरला. माझी आई तापाने आजारी होती, त्यामुळे आमच्याकडून बाबाच आले. नवा शर्ट घालून आले होते आणि पुन्हा पुन्हा कॉलर सारखी करत होते. मला म्हणाले, "बाय, चांगली माणसं आहेत. राबणारी आहेत." ते खरंच होतं. मला काही वाईट बोलायला जागाच नव्हती. परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि तिसरं वर्ष मला दिसणार नव्हतं, एवढंच.

मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. मुलगा कमी बोलणारा. मामा गंमती करणारे, विनोदी चित्रपटात असतात तसेच. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले तेव्हा ते म्हणाले, "चेडवाक हसूक येता मगो? नायतर आमची गिरायका पळतली!" सगळे हसले. बाबाही हसले.

मुलाने मोबाइल काढला. लाजत म्हणाला, "एक फोटो घेऊ? खोल्यांची जाहिरात आम्ही इंटरनेटवर टाकतो. तिच्यात घरच्या बाईचा फोटो असला की लोकांना विश्वास वाटतो."

"दारात उभी ऱ्हव," मामा म्हणाले. "ट्रे वर. आजून वर. आता हस. दात दिसांदेत गो!"

मी दारात उभी राहिले. ट्रे धरला. हसले. ते हसू कुठून आलं मला माहीत नाही, ते माझं नव्हतं. मुलाने फोटो सगळ्यांना दाखवला, मलाही दाखवला. चांगला आला होता. कमरेपर्यंत.

माईंनी तो फोन हातात घेतला आणि जनेलाच्या उजेडात नेला. खूप वेळ बघत होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. वळल्या तेव्हा मला म्हणाल्या, "सकाळधरून काय खाल्लंस?"

मी काही खाल्लं नव्हतं.

माईंनी माझ्या हातातला ट्रे घेतला, पुरुषांसमोर मेजावर ठेवला. आत जाऊन केळीचं पान आणलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, जमिनीवर मांडलं. भात वाढला, वर आमटी. "बस. जेव."

"माई," बाबा पुटपुटले, "पाहुणे..."

मामा मोठ्याने हसले. "अरे वा! पयली नवरी जेवतली, मगे आमी? ही पद्धत बरी!" पुन्हा हशा झाला. मुलगाही हसला.

माईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मुलाच्या आईवर थांबवली. ती हसत नव्हती. हिरव्या साडीतली, बारीक बाई. आल्यापासून ती कोपऱ्यातल्या कदेलीच्या कडेवर बसून होती.

"तुमी जेवलात?" माईंनी विचारलं.

"आसूंदे, माई."

"कधी जेवलात?"

ती बाई पदराशी चाळा करत म्हणाली, "वयल्या खोलयेतल्या लोकांची न्याहारी होती. मगे घरातल्यांक वाढलंय. मगे गाडी इली."

"बसा."

माईंनी दुसरं पान मांडलं. मुलाच्या आईने भावाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मग ती खाली उतरली आणि मांडी घालून बसली.

आम्ही जेवू लागलो. आधी मी भात नुसताच चिवडत होते. मग शेजारून भात कालवल्याचा आवाज आला आणि मला एकदम कडकडून भूक लागली. ती बाई भराभर जेवत होती, मान खाली घालून. दोन बायका जेवतायत आणि पुरुष बघतायत, यात भिण्यासारखं काय असतं? पण मामांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला होता. पंखा फिरत होता आणि तरी मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला.

माई दारात उभ्या होत्या. भिंतीच्या दिशेने बघत होत्या, कुणीतरी यायचं राहिलंय तसं. मग त्यांनी तिसरं पान आणलं, आमच्या दोघींच्या मध्ये मांडलं आणि वाढलं. तिथे कुणी बसलं नाही.

जेवता जेवता मुलाची आई जराशी बाजूला सरकली आणि तिथे बसणाऱ्याला जागा करून दिली.

हात धुवायला मी तिला परसात घेऊन गेले. तिने चूळ भरली, तोंड पुसलं. तांब्या परत देताना माझं मनगट धरलं. हात ओला आणि गार होता. अगदी हळू म्हणाली, "पोट भरला. तू आमच्याकडे येव नको गो." मग पदर सारखा करून आत गेली आणि भावाला म्हणाली, "चला. उशीर झालो."

चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. बाबा स्वतः सांगायला आले. मला वाटलं, माईंना बोलतील. तसे ते ओसरीवर चढले होते तेच बोलायच्या तयारीने. पण माईंनी दारातच विचारलं, "जेवलास?" आणि बाबांच्या तोंडातून खरं उत्तर निघून गेलं, "नाय." मग पान मांडलं गेलं. जेवून उठल्यावर बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "परीक्षा कधी म्हणालीस?" त्यानंतर दुसरं स्थळ त्यांनी माझी पदवी होईपर्यंत आणलं नाही. आणलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

पण माई म्हटलं की मला आठवते ती पाहुणे गेल्यानंतरची दुपार. बाबा त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेले होते. मेजावर पोहे गार झालेले. जमिनीवर दोन उष्टी पानं आणि मधलं ते भरलेलं. मी उष्टी पानं उचलली. मधल्या पानाला हात लावायचा धीर होईना.

माई दाराशी तशाच उभ्या होत्या. उन्हात त्यांची सावली आत आली होती, ती मी उगाच पायांपर्यंत बघितली. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दीड वर्षात या बाईंना जेवताना मी एकदाही पाहिलेलं नाही. त्या मला वाढायच्या, आल्यागेल्याला वाढायच्या, भिंतीला चहा द्यायच्या. मी झोपल्यावर जेवत असतील, असं मी धरून चालले होते. खरं तर काही धरूनही चालले नव्हते. मनात आलंच नव्हतं.

"माई, तुम्ही बसा," मी म्हटलं.

"ता पान तिचा."

मी म्हटलं, "तिनेच ठेवलं असेल. तुमच्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे असे मी पूर्वी बघितले नव्हते, ते जणू फार लांबून बघत होते. मी हटले नाही. पाट सरकवून दिला आणि उभी राहिले, मी जेवताना त्या माझ्यासमोर उभ्या राहायच्या तशी.

माई बसल्या. पहिला घास त्यांनी हातात बराच वेळ धरला. मग तोंडात घातला. चावताना त्यांच्या गळ्याची शीर हललेली मला दिसली आणि जिवात जीव आला. मग दुसरा घास घेतला. मग त्या सरळ जेवू लागल्या, शेतातून दमून आलेलं माणूस जेवतं तशा, इकडेतिकडे न बघता. पान चाटूनपुसून साफ केलं.

"भात आसा गो आजून?" त्यांनी विचारलं.

"आसा," मी म्हटलं. भांड्यात एक शीत उरलं नव्हतं. मी आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं.